अक्पाफू तोडू नका

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

मातृभाषा दिनाच्या निमित्ताने आपल्या रविवार पुरवणीत जगातल्या लहान भाषांवर पानभर मजकूर आला. अशा विषयाला एवढी जागा दिलीत म्हणून आधी आभार मानून घेतो, कारण पुढे तक्रार आहे. त्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात घाना देशातल्या एका डोंगरी भाषेबद्दल पाच-सहा ओळी होत्या. अक्पाफू या गावाचे नाव 'अकापाफू' छापले होते. त्या भाषेतले ध्वनी जीभ टाळूला आपटून काढलेल्या 'टकटकी'सारखे असतात आणि तिच्यात 'लहान मुलांच्या बोलण्यासारखे' शब्द पुष्कळ आहेत, असेही लिहिले होते. चुकांची इतकी दाटी आमच्या कुडाळ-मालवण एसटीतही नसते.

मी भाषेचा अभ्यासक नव्हे. आयुष्यभर भाताच्या गिरण्या बसवल्या. हलर, पॉलिशर, शाफ्ट, पट्टे हा माझा विषय. त्याच कामासाठी १९९४ ते १९९७ अशी तीन वर्षे मी घानाच्या पूर्वेकडच्या होहोए गावात होतो. माझा मदतनीस अक्पाफूचा. शनिवारी काम सुटले की तो मला ट्रोट्रोत (म्हणजे आपल्या वडापच्या गाडीत) घालून घरी न्यायचा. मी जन्मलो शुक्रवारी, म्हणून तिथे माझे नाव कोफी पडले. आईवडिलांनी ठेवलेले नाव त्या लोकांना उच्चारता येईना आणि त्यांच्या गावाचे नाव मला. हिशेब बरोबरीत सुटला.

तर आधी ते नाव. त्यात चार नाही, तीनच अक्षरे आहेत : अ, क्पा, फू. मधला ध्वनी 'क' नाही, 'प' नाही, 'क' नंतर 'प' असाही नाही. तो एकच आहे. आपल्याकडे दिक्पाल, वाक्पटू, वाक्प्रचार असे शब्द आहेत, पण ते बोलताना आपण मधोमध मोडतो : दिक्, पाल. पहिला तुकडा क्वर संपतो, मग ओठ मिटतात. अक्पाफूच्या लोकांना तसे म्हणून दाखवले तर त्यांना तो शब्द कुणी पायरीवरून घसरल्यासारखा वाटतो. त्यांच्या तोंडी जिभेचा मागचा भाग वर चिकटतो त्याच क्षणी ओठ मिटतात आणि दोन्ही एकदम सुटतात.

पहिल्या शनिवारी मदतनिसाच्या आजीच्या ओसरीवर मला हे शिकवण्याचा कार्यक्रम झाला. आजी भुईमूग सोलत होती. मी 'अक-पाफू' म्हटले की पोरे हसत. मग मी नुसते 'अपाफू' म्हणून पाहिले, तर आजीने मान हलवली. तिला इंग्रजी येत नव्हते आणि मला तिची भाषा, त्यामुळे दुरुस्ती फक्त मानेने चालली होती. शेवटी मदतनिसाने माझ्याच धंद्यातली गोष्ट काढली. म्हणाला, तोंडात दोन व्हॉल्व आहेत असे समजा, एक मागे, एक पुढे. दोन्ही एकदम बंद करा, दोन्ही एकदम उघडा. तुम्ही एक आधी उघडताय, म्हणून लीक होतेय. त्या क्षणी डोक्यात उजेड पडला. दोन्ही दारे बंद असताना मध्ये थोडी हवा कोंडते, जबडा जरा खाली सरकतो, आणि सोडले की बाटलीचे घट्ट बूच निघावे तसा भरीव आवाज येतो. पोरे हसायची थांबली, म्हणजे जमले. आजीने मूठभर शेंगा दिल्या.

याच ध्वनीला घोष (म्हणजे गळ्यातला कंप) दिला की 'ग्ब' होतो. हाही एकच. आपल्या दिग्बंधनातल्यासारखा नव्हे. हे क्प आणि ग्ब पश्चिम आफ्रिकेतल्या कितीतरी भाषांत आहेत, आणि बाहेरच्यांनी त्यांची दोनशे वर्षे दैना केली आहे. माझ्या पिढीच्या वाचकांना नायजेरियातले १९६७ ते १९७० चे बिआफ्रा युद्ध आठवत असेल. तेव्हा बातम्यांत 'इबो' लोक येत. त्यांचे खरे नाव इग्बो. इंग्रजांच्या जिभेला ग्ब जमला नाही, त्यांनी ग उडवून टाकला, आणि तेच आपण उचलले. आयव्हरी कोस्टचे २००० ते २०११ या काळातले अध्यक्ष लॉरेंट ग्बाग्बो. त्यांच्या आडनावात तर हा ध्वनी दोनदा. आपल्याकडे मी ते बागबो, गाबागबो, गबागबो असे तीन तऱ्हांनी वाचले आहे. एकदा एकाच बातमीत दोन तऱ्हा होत्या.

याचा मला प्रत्यक्ष फटका बसला तो क्पांडोला जाताना. व्होल्टा तलावाकाठचे हे गाव. एका वेल्डरकडून शाफ्ट आणायचा होता. होहोएच्या स्टँडवर मी प्रत्येक गाडीपाशी जाऊन 'कपांडो, कपांडो' करत होतो. कुणाला कळेना. गाडीचा 'मेट', म्हणजे आपला क्लीनर, मलाच विचारी, कुठे? तासभर गेला. शेवटी एका बाईने माझ्या हातातला कागद वाचला आणि नुसती 'क्पांडो!' म्हणून हाक दिली, तर ज्या गाडीच्या दारात मी इतका वेळ उभा होतो तीच निघाली.

आता 'टकटकी'चे. जीभ टाळूवरून किंवा दातांवरून चटकन ओढून काढलेले क्लिकसारखे वर्ण आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला आहेत, कलाहारीकडच्या भाषांत, झुलू आणि खोसामध्ये, आणि टांझानियात एक-दोन ठिकाणी. घाना तिथून हजारो किलोमीटर लांब आहे. अक्पाफूत वर्ण म्हणून तशी टकटक नाही. कन्याकुमारीची चूक काश्मीरच्या माथी मारावी तसा हा प्रकार.

भाषेचे नाव आपण छापलेच नाही, म्हणून सांगतो : सिवू. तिच्यात नामाच्या आधी लागणाऱ्या अक्षरावरून नामाची जात ठरते. वू हे मूळ. सिवू म्हणजे त्यांची भाषा, मावू म्हणजे ती माणसे, कावू म्हणजे त्यांची भूमी. आपण मराठी, मराठे, महाराष्ट्र असे शेपटीकडून बदलतो, ते डोक्याकडून. शेजारच्या एवे भाषेत मावू म्हणजे देव, आणि चर्चमध्ये प्रार्थना बहुधा एवेत. एवेतून रोज देवाला हाक मारताना आपलेच नाव घेतल्यासारखे वाटत नाही का, असे मी एकदा विचारले होते. मदतनीस म्हणाला, कोफी, तुमच्या डोक्यात उन्हाने काहीतरी झाले आहे.

सिवू बोलणारे काही हजारच. आमच्या एका कुडाळ तालुक्यातल्या माणसांपेक्षा कितीतरी कमी. पण तेवढे लोक दिवसाला चार भाषांत फिरून येतात. घरात सिवू, बाजारात आणि देवळात एवे, लांबच्या माणसाशी त्वी (ही घानातली मोठी भाषा), शाळेत इंग्रजी. गावांची नावेसुद्धा तशीच. डोंगरावरच्या जुन्या अक्पाफूला तोद्झी म्हणतात, ते एवे : तो म्हणजे डोंगर, द्झी म्हणजे वर. खालच्या गावाचे नाव मेंपेआसेम, ते त्वी. अर्थ, 'मला भानगड नको'. आमच्या मालवणीत 'माका भानगड नको'. गावाचे इतके शहाणे नाव मी दुसरे ऐकले नाही. माझ्या गावाला ते ठेवावे असे ग्रामपंचायतीच्या दर निवडणुकीला वाटते.

तोद्झीमुळे मला माझ्याच भाषेची एक गोष्ट कळली. आपण 'चार चमचे' लिहितो. दोन्हीकडे च तोच, पण चारचा च टाळूचा आणि चमच्याचा दाताजवळचा. लिपीत फरक नाही, पण मराठी कान फसत नाही. माझ्याबरोबर बिहारचा एक मिस्त्री होता, त्याला दाताजवळचा च आणि ज शेवटपर्यंत आले नाहीत. मी मात्र ऐटीत, की हे तर आपल्या घरचेच. ऐट तोद्झीपर्यंत टिकली. आपण 'माझा' म्हणताना झ दातापाशी ठेवतो, पण 'माझी' म्हणताच तो आपोआप टाळूला सरकतो. ई लागली की मराठी जीभ दाताजवळ थांबत नाही. पासष्ट वर्षे मराठी बोललेल्या कुणालाही विचारा, हे ठाऊक नसते, पण चुकतही नाही कुणी. तोद्झी म्हणताना ई लागूनही जीभ दातापाशीच धरावी लागते. मी आठवडाभर 'माझी, माझी' चुकीचे म्हणत गिरणीत फिरलो, म्हणजे बरोबर.

स्वर सात. इ, ए, ओ, उ, आ हे पाच आपले ओळखीचे. उरलेले दोन ए आणि ओ यांचे उघड्या तोंडाचे भाऊ. इंग्रजी शब्दांसाठी आपण ॲ आणि ऑ ही चिन्हे घेतली ना, बँक आणि कॉट लिहायला, ती इथे बऱ्यापैकी कामाला येतात. रोमन लिपीवाल्यांना या दोन स्वरांसाठी वेगळी अक्षरे घडवावी लागली. आपल्या देवनागरीत ती पेटीत पडून आहेत.

नाकातले स्वरही आहेत. प्रमाण मराठीतून ते बहुतेक गेले आणि १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी त्यांची टिंबेही गेली. पण आम्ही 'खंय गेल्लंस?' म्हणणारे लोक, आमचे नाक शाबूत आहे. सिवूत एखादी गोष्ट नीट ऐकू आली नाही तर माणूस 'आँ?' म्हणतो. हुबेहूब आपल्यासारखा. आणि हे माझे निरीक्षण म्हणून सांगत नाही. मार्क डिंगेमान्स नावाच्या डच भाषाशास्त्रज्ञाने आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी २०१३ साली दहा भाषांतले हे 'आँ' गोळा केले. त्यांत सिवू होती, इटालियन, रशियन, चिनी, लाओ होत्या. सगळीकडे तो जवळजवळ सारखाच निघाला. त्याबद्दल २०१५ मध्ये त्यांना इग नोबेल मिळाले, म्हणजे आधी हसवणारे आणि मग विचार करायला लावणारे जे नोबेल असते ते. अक्पाफूच्या ओसरीवरचा 'आँ' अमेरिकेत बक्षीस घेऊन आला, हे आपल्या पुरवणीत छापण्यासारखे होते.

आवाजाच्या उंचीबद्दल थोडे. सिवूत सूर अर्थाचा भाग आहे. उंच, मधला, खालचा, अशा तीन पट्ट्या. आमच्या मालवणीला हेल आहे, पण हेलाने शब्दाचा अर्थ बदलत नाही, माणूस कुठला ते कळते. तिथे शब्दच बदलतो. मला सिवूतले हे कधी साधले नाही, म्हणून उदाहरण आमच्या गिरणीतल्या, योरुबा (ही नायजेरियाकडची भाषा) बोलणाऱ्या डिझेल मेकॅनिकचे देतो. त्याच्या भाषेत ऑकॉ म्हणजे नवरा. शेवट उंच नेला तर कुदळ, खाली सोडला तर गाडी, आणि दोन्ही अक्षरे खाली ठेवली तर भाला. गाडी दुरुस्त झाली का, असे मी त्याला विचारायचो आणि तो म्हणायचा, नवरा ठीक आहे, कुदळीचे सांगता येत नाही. सूर म्हणजे परदेशी चमत्कार असे कुणी समजू नये. पंजाबीतही हे आहे. सरदारजी घोडा म्हणतो तेव्हा घ मधला ह गळून सूर खाली बसतो. आपण ऐकतो आणि त्याला पंजाबी लहेजा म्हणतो.

आता सगळ्यात जास्त बोचले ते 'लहान मुलांच्या बोलण्यासारखे शब्द'.

त्या शब्दांपैकी काही सांगतो. फुतुतू म्हणजे स्वच्छ पांढरे. गेलेगेले म्हणजे चकाकणारे. न्यॅकॅन्यॅकॅ म्हणजे जिभेला मिठी बसेल असे गोड (हे नाकातून म्हणायचे). साऽऽ म्हणजे गार लागणे. क्पॉटॉरॉ-क्पॉटॉरॉ म्हणजे कासवासारखे अडखळत, हिसके देत चालणे. हे शब्द बालिश असतील, तर पांढराफटक, काळाकुट्ट, पिवळाधमक, गोडमिट्ट, लखलखीत हे काय आहेत? दुडुदुडु, तुरुतुरु, लुटुलुटु काढून टाका आणि मग रांगते पोर उभे राहून चालायला लागले ते एका वाक्यात सांगून दाखवा. 'फटक' म्हणजे काय, असे मला कुणी त्या ओसरीवर विचारले असते तर मी तोंडात बोट घातले असते. फटकला पांढऱ्यावाचून अर्थ नाही. पण पांढऱ्याभोवती फटक असले की पांढऱ्याची तऱ्हा कळते. चुन्याने सारवलेली भिंत पांढरीशुभ्र, घाबरलेला माणूस पांढराफटक. भिंतीला फटक म्हणून पाहा, तीही घाबरल्यासारखी दिसेल.

आणखी एक साम्य बघा. फुतुतूत सगळे उ. दुडुदुडुतही सगळे उ. एक स्वर धरला की शब्दभर तोच चालवायचा आणि शब्दाला झोका द्यायचा, ही कारागिरी दोन्हीकडे एकच. गारवा जास्त असेल तर ते सा लांबवतात, जितके गार तितके लांब. आपणही 'गाऽऽर पडलंय' असे अवग्रह टाकून लिहितो. आपल्या दैनिकाच्या थंडीच्या बातमीत मी दोन अवग्रह मोजले आहेत.

हे शब्द मी पोरांच्या तोंडी नव्हे, तर दारू बनवणाऱ्यांच्या तोंडी ऐकले. प्यायची नव्हे, बंदुकीची. मर्तिकाला तिथे बार काढतात आणि त्याची दारू गावातली माणसे घरी करतात. सोरा, गंधक, कोळसा. चार-पाच कर्ते पुरुष उखळाभोवती. कुटून चूर्ण बारीक झाले का, अजून खरखर लागते का, कोरडे पडले की दमट आहे, हे सगळे अशा शब्दांत चालले होते. एकाने चिमूट बोटांत चोळून एक शब्द टाकला. दुसऱ्याने चोळून पाहिले आणि दुसराच शब्द टाकला. त्यावर दोघांची चांगली पाच मिनिटे जुंपली. मला शब्द कळत नव्हते, भांडण कळत होते. आमच्या गिरणीत तांदळाची कणी बोटांत धरून 'भुरभुरीत आहे' की 'रवाळ आहे' यावरून मालक आणि मी असेच भांडायचो. दारूच्या बाबतीत चुकीचा शब्द म्हणजे हात जाणार. एवढ्या जोखमीच्या कामाला लोक बालबोली वापरत नाहीत. डिंगेमान्स माझ्यानंतर दहा-बारा वर्षांनी मेंपेआसेमला राहिले, त्यांनीही या दारू कुटणाऱ्यांचे बोलणे टिपले आणि २०११ मध्ये सिवूतल्या याच शब्दांवर पीएचडी मिळवली. नातवाने मोबाईलवर ते दाखवले तेव्हा मला फार बरे वाटले. माझ्यासारख्या फिटरला जे नुसते भांडण म्हणून आठवत होते, त्याची कुणीतरी नीट वही केली होती.

आवाजावरून अर्थ ओळखता येतो का, हेही डिंगेमान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिले. जपानी, कोरियन, मलेशियातली सेमाई, एवे आणि सिवू अशा पाच भाषांतले शब्द डच माणसांना ऐकवले आणि दोन अर्थांतला एक निवडायला सांगितला. उत्तरे नाणेफेकीपेक्षा बरी आली, पण फार नाही. मी घरी तोच खेळ केला. सिवूत पोटाचे तीन शब्द आहेत : पिंबिली, पॉंबॉलॉ, पुंबुलू. सात वर्षांच्या नातीला म्हटले, एक पोट इवलेसे, एक मोठे, एक प्रचंड, कुठले कुठले सांग. तिने एका झटक्यात पिंबिली लहान, पुंबुलू प्रचंड असे लावले आणि मधला माझ्या पोटाकडे बोट दाखवून सांगितला. बरोबर. मग शेफारून मी तिला फुतुतू विचारले. म्हणाली, फुटलेला फुगा. म्हणजे सगळेच आवाजात नसते. काही आवाजात असते आणि बाकीचे आजीकडून घ्यावे लागते.

मर्तिकाचा विषय निघालाच आहे तर, तिथली मृत्युगीतेही ऐकण्यासारखी. ती गाणी सिवूत. चाल वर नेली आणि शब्दाचा सूर खाली असला तर अर्थ बिघडण्याची भीती, त्यामुळे चाल आणि शब्द यांची सारखी देवाणघेवाण चालते. घानाचे संगीतशास्त्रज्ञ कोफी आगावू यांनी १९८८ मध्ये अक्पाफूच्या या परंपरेवर लिहिले आहे. मला त्यातले तांत्रिक कळत नाही. पण बाया एका सुरात खाली खाली उतरत जायच्या, ते मात्र कानात आहे. आणि एक वडीलधारा माणूस जमिनीवर दारू (ही प्यायची) शिंपडत पूर्वजांना बोलवायचा आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला हुंकार द्यायचे. डोळे मिटले की आमच्या रवळनाथाच्या देवळातले गाऱ्हाणे. 'व्हय म्हाराजा' तेवढे कमी.

या डोंगरांतल्या चौदा-एक भाषांना जर्मनांनी १९१२ साली एक सामायिक नाव दिले होते. तेव्हा तो मुलूख जर्मन टोगोत होता. त्या नावाचा अर्थ होतो, टोगोतल्या उरल्यासुरल्या भाषा. मोठ्या खणांत बसल्या नाहीत, म्हणून शिल्लक. मग पहिले महायुद्ध झाले, इंग्रज आले, पुढे घाना झालेल्या मुलखात सामील व्हायचे का यावर १९५६ चे सार्वमत झाले, १९५७ मध्ये घाना स्वतंत्र झाला. आता अभ्यासक त्यांना घाना-टोगो डोंगरी भाषा म्हणतात, पण 'उरल्यासुरल्या' हे अनेक वर्षे पुस्तकांत राहिले. उरलेसुरले हा शब्द आपण शिळ्या भाताला वापरतो. त्याच डोंगरउतारावर आफ्रिकेचा मूळचा भात, आपल्या भाताचा लांबचा भाऊ, आजही पिकतो. तांबूस दाणा, भारी कोंडा. माझ्या हलरला तो आवडत नव्हता, मला आवडायचा. आणि तोद्झीला लोक लोखंड गाळत होते. परदेशी स्वस्त लोखंड आले तेव्हा भट्ट्या विझल्या. खाणीचे जुने खड्डे मला दाखवले होते. वाकून पाहिले, तर आत वटवाघळे. फिटर माणूस मी, त्या खड्ड्याच्या काठावर टोपी काढून उभा राहिलो.

२०१८ च्या डिसेंबरात सार्वमत होऊन तिथे नवा ओटी प्रांत झाला. त्या गडबडीत सांत्रोकोफी, अक्पाफू, लिक्पे आणि लोलोबी या चार गावसमूहांना २०२० च्या निवडणुकीत खासदार निवडताच आला नाही. चार वर्षे ते संसदेत नव्हतेच. त्यांची आद्याक्षरे जोडून तिकडची वर्तमानपत्रे त्यांना 'सॉल' म्हणायची. चारपैकी दोन नावांत क्प आहे. जोडून छोटे केले की तो जातो. संसदेतून गेलेली माणसे आपल्या पुरवणीत आली ती 'अकापाफू' होऊन.

माझी मागणी लहान आहे. आपल्या संगणकावर पाय मोडलेला क् आणि त्याला प जोडण्याची सोय आहे, कारण वाक्प्रचार आपण रोज छापता. तेच अक्षर इथे वापरावे : अक्पाफू, लिक्पे, क्पांडो, ग्बाग्बो, इग्बो. वाचक मध्ये मोडून वाचील, वाचू दे. निदान चार अक्षरांचे तीन होतील. मुद्रितशोधकांना क् आणि प यांच्यात काहीतरी राहून गेले असे वाटून मध्ये आ घालावासा वाटतो, हे मी समजू शकतो. गिरणीत नवीन पोरगाही दोन वॉशर एकमेकांना चिकटलेले दिसले की पान्याने वेगळे करायला जातो. त्याला सांगावे लागते, बाबा, हा एकच भाग आहे.

पत्र लांबले आहे आणि आपण ते कापणार हे मला माहीत आहे. माझी कुडाळची एसटी कापा, बिहारी मिस्त्री कापा, नातीचा फुगाही कापा. क्प मात्र कापू नका.

आपला वाचक,
एक निवृत्त फिटर
कुडाळ, जि. सिंधुदुर्ग